डोळ्याभोवतीचं रंगवलेलं कडं: एका सीगलची गोष्ट

हिवाळ्यात गेटवेवरून मांडव्याच्या किंवा घारापुरीच्या बोटीत बसला असाल, तर मागे लागणारे पांढरे पक्षी तुम्ही पाहिले असतील. आपण सगळ्यांना सरसकट ‘सीगल’ म्हणतो. मराठीत त्यांना कुरव म्हणतात. पण त्या घोळक्यात बहुतेक वेळा निदान दोन जाती असतात: तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. गंमत अशी की हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच असतं, कानापाशी फक्त एक काळसर ठिपका! मग ओळखायचं कसं? तपकिरीवाल्याची बुबुळं फिकट, काळ्यावाल्याची गडद. उडताना तपकिरीवाल्याच्या काळ्या पंखटोकांत पांढरे ठिपके दिसतात.

हे तरी सोपं आहे. आजची गोष्ट आहे उत्तर ध्रुवाजवळच्या कॅनडातली. तिथल्या एका कुरवाने पक्षिशास्त्रज्ञांना शंभर वर्षं गोंधळात टाकलं.

1915 साली ब्रुक्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने या पक्ष्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. जॉन थेयर या पक्षिसंग्राहकाच्या नावावरून पक्ष्याचं नाव ठेवलं थेयर्स गल. तो हेरिंग गलसारखाच दिसायचा: करडी पाठ, गुलाबी पाय, काळसर पंखटोकं. फरक बारीकसारीक. याचे डोळे बहुधा गडद, चोच जरा लहान, डोकं गोलसर, पंखाची खालची बाजू जास्त फिकट. थोड्याच वर्षांत जाणकार म्हणाले, ही वेगळी जात कसली, हा तर हेरिंग गलचाच एक प्रकार. झालं, स्वतंत्र जातीचा दर्जा गेला.

मग कथेत आले नील स्मिथ. 1961 च्या उन्हाळ्यात ते बॅफिन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, होम बे इथे होते. प्रश्न साधा होता: आपल्याला हे पक्षी सारखे दिसतात, पण त्यांना एकमेकांतला फरक कसा कळतो? स्मिथ यांचं उत्तर होतं, डोळ्यांवरून. या कुरवांच्या डोळ्यांभोवती रंगीत कातडीचं कडं असतं. हेरिंग गलचं पिवळं-नारिंगी, थेयर्सचं जांभळट लाल. स्मिथ यांनी पक्षी पकडून चक्क त्यांची कडी रंगवली! रंग बदलला की जोडी जमण्यात अडथळा येतो, म्हणजे या जाती एकमेकींत मिसळत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. 1966 मध्ये हे काम सविस्तर छापून आलं आणि पुढच्याच वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून सामान्य वाचकांपर्यंत गेलं. प्रयोग इतका सुबक, की कुणालाही आवडावा.

या कामाचा मोठा आधार घेऊन 1973 मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनने थेयर्स गलला पुन्हा स्वतंत्र जात ठरवलं. आता पक्षिनिरीक्षकांना तो मैदानात ओळखणं भाग होतं, कारण यादीत एक जात वाढली होती ना!

आणि इथे खरी कसोटी सुरू झाली. मोठ्या कुरवांना पूर्ण पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात. दर वर्षी रूप वेगळं. त्यात उन्हाने पिसं विटतात, नर-मादीच्या आकारात फरक, वर संकर. ज्याच्याशी थेयर्सचा सर्वांत मोठा घोळ होतो, तो आइसलँड गल. (हा आइसलँडमध्ये घरटं करतच नाही, फक्त हिवाळ्याला जातो!) ग्रीनलँडमधल्या आइसलँड गलची पंखटोकं पांढरी. बॅफिनकडचा त्याचा प्रकार म्हणजे कुमलिन्स गल; त्याची टोकं कधी जवळपास पांढरी, कधी करडी, कधी चांगलीच गडद. आणि थेयर्सची काळसर. म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एक सलग पट्टाच. त्यावर रेघ मारायची कुठे?

एका अभ्यासकाला हाच प्रश्न पडला. रिचर्ड स्नेल यांनी होम बेमधल्या कुरवांचा पुन्हा अभ्यास केला. 1989 मध्ये त्यांनी जे मांडलं, ते स्मिथ यांच्या निष्कर्षांशी जुळत नव्हतं. 1991 मध्ये त्यांनी थेट आक्षेप घेतला: स्मिथ यांच्या लेखनात प्रत्यक्ष पाहिलेलं आणि नुसतं गृहीत धरलेलं यांची सरमिसळ झाली आहे. विचार करा, ज्या प्रयोगावर एक अख्खी जात उभी होती, त्याच्या पायालाच हात घातला होता.

तरी निर्णय बदलायला 2017 उजाडलं. त्या वर्षी अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने थेयर्स गलला आइसलँड गलमध्ये सामील केलं. चव्वेचाळीस वर्षं लोकांनी थंडीत, कचरा डेपोंवर आणि बंदरांवर उभं राहून ज्याच्या नावापुढे टिक केली, ती जात यादीतून गेली. पक्षी मात्र तसाच उडतोय. त्याला यातलं काही माहीत नाही.

मग त्या सगळ्यांची मेहनत वाया गेली का? मला वाटतं, कुणी वहीत काय लिहिलं त्यावर ते ठरतं. ज्याने नुसतं ‘थेयर्स, 1’ लिहिलं, त्याच्याकडे आज फारसं काही उरलं नाही. पण ज्याने ‘डोळा गडद, पंखटोक काळसर, खालून फिकट, चोच लहान’ असं लिहिलं, त्याची नोंद आजही कामाची आहे, उद्या यादी परत बदलली तरीही. नाव हा आपला अंदाज असतो. पाहिलेलं ते पाहिलेलं. स्नेल यांचा आक्षेपही शेवटी हाच होता.

तेव्हा पुढच्या वेळी बोटीवर सेल्फी काढून झाली की कॅमेरा जरा त्या कुरवांकडेही वळवा. झूम करा. बुबुळ फिकट आहे की गडद, एवढंच बघा आणि जे दिसलं ते लिहून ठेवा. नाव नंतर शोधता येईल. नाहीच सापडलं तर ‘कुरव, जात नक्की नाही’ असं लिहायला अजिबात लाजू नका. हीसुद्धा एक खरी नोंदच आहे.

भेटू पुढच्या भागात!