माध्यम उपकरणांचा विलंबित शोध
घरगुती जाळ्यातील स्मार्ट टीव्ही, माध्यम सर्व्हर इत्यादी उपकरणे एकमेकांना उशिरा आढळण्याचे कारण बहुधा इंटरनेटच्या वेगात नसून ‘एसएसडीपी’ या शोधपद्धतीत असते. तीत प्रत्येक उपकरण २३९.२५५.२५५.२५० या बहुप्रेषण पत्त्यावर, यूडीपीच्या १९०० क्रमांकाच्या पोर्टवर, आपली उपस्थिती जाहीर करते. यूडीपीत पोचपावती नसल्याने वाय-फायवर हरवलेली घोषणा कोणाच्याच लक्षात येत नाही. घोषणेची वैधता सामान्यतः १८०० सेकंद असते. त्यामुळे वीज अचानक गेल्यास (जालना जिल्ह्यातील खेड्यांत हा अनुभव नवा नाही) निरोप न देता बंद पडलेले उपकरण अर्धा तास यादीत रेंगाळू शकते. राउटरमधील ‘आयजीएमपी स्नूपिंग’ सदोष असल्यास घोषणा अडते; अतिथी जाळ्यावरील उपकरण तर बहुधा दिसतच नाही. प्रथम उपकरण तारेने जोडून पाहावे. ते तत्काळ आढळल्यास दोष वाय-फायकडे शोधावा. राउटर बंद-चालू करण्याचा लोकप्रिय उपाय तात्पुरता गुण देतो, कारण मात्र झाकून ठेवतो.