ज्वारी, काकवी आणि पुरुष संप्रेरक : दावे आणि वस्तुस्थिती

ज्वारी हे दख्खनच्या पठारावरील मुख्य अन्नधान्य. बेळगाव, विजापूर, सोलापूर या पट्ट्यात शतकानुशतके भाकरी, कण्या, आंबील, लाह्या आणि हुरडा या रूपांत ती खाल्ली जाते. अलीकडच्या काळात या धान्याभोवती एक नवा दावा उभा राहिला आहे. ज्वारीचे पीठ आणि गोड ज्वारीच्या धाटांपासून बनणारी काकवी खाल्ल्याने पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, असे सांगितले जाते. या दाव्यात तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे पाहण्यासाठी पीठ, काकवी आणि संप्रेरक या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे समजून घ्याव्या लागतात.

संप्रेरकाची निर्मिती

टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणांतील लायडिग पेशींमध्ये तयार होते. त्यासाठीचा आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. रक्तातील प्रमाण वाढले की हा आदेश आपोआप मंदावतो. त्यामुळे निरोगी पुरुषाने एखादा पदार्थ अधिक खाल्ला म्हणून संप्रेरकाची पातळी वाढतच जाईल, असे होत नाही. आहाराचा प्रभाव प्रामुख्याने दोन प्रसंगी दिसतो : आवश्यक पोषकद्रव्याची कमतरता असेल तेव्हा, आणि स्थूलता वा मधुमेहासारख्या विकाराने ही व्यवस्था बिघडली असेल तेव्हा.

जस्ताचा धडा

धान्य आणि पौरुष यांचा संबंध दाखवणारे सर्वांत ठोस उदाहरण इराणमधील आहे, आणि त्याचा शोध एका भारतीय डॉक्टरने लावला. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद 1958 मध्ये शिराझ येथे असताना त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला. तो दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा होता. त्याची उंची खुंटली होती आणि जननेंद्रियांची वाढ झालेली नव्हती. त्याचा आहार जवळजवळ संपूर्णपणे न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा होता. शिवाय तो माती खात असे. प्रसाद यांनी 1961 मध्ये अशा रुग्णांविषयी लिहिले आणि पुढे इजिप्तमधील अभ्यासातून यामागे जस्ताची कमतरता असल्याचे दाखवले. जस्त दिल्यावर अशा तरुणांची उंची वाढली आणि लैंगिक वाढही झाली.

त्या रोटीत जस्त होते. परंतु धान्याच्या कोंड्यातील फायटेट हे द्रव्य जस्ताला बांधून ठेवते आणि ते शरीरात शोषले जात नाही. 1996 मध्ये प्रसाद आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण पुरुषांना सुमारे वीस आठवडे कमी जस्ताचा आहार दिला असता त्यांचे टेस्टोस्टेरॉन लक्षणीयरीत्या घटले. जस्ताची सौम्य कमतरता असलेल्या वृद्धांना सहा महिने जस्त दिल्यावर ते जवळजवळ दुपटीने वाढले. म्हणजे कमतरता भरून काढल्याने लाभ होतो. जस्त पुरेसे असलेल्या पुरुषाला अधिक जस्ताने तसाच लाभ होईल, असा अर्थ यातून निघत नाही.

पिठात काय आहे

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने, 10 ग्रॅम तंतुमय पदार्थ, 4 मिलिग्रॅम लोह, 133 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि 2 मिलिग्रॅम जस्त असते. प्रौढ भारतीय पुरुषाला दररोज 440 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि 17 मिलिग्रॅम जस्त मिळावे, अशी 2020 ची शिफारस आहे. म्हणजे 100 ग्रॅम पिठाच्या भाकऱ्यांतून मॅग्नेशियमची तीस टक्के गरज भागते, पण जस्ताची जेमतेम बारा टक्के. आणि त्यातलाही काही भाग फायटेटमुळे वाया जातो.

येथे जुन्या स्वयंपाकाची रीत उपयोगी पडते. पीठ आंबवून केलेल्या आंबिलीत फायटेटचे प्रमाण घटते आणि जस्त व लोह अधिक शोषले जाते. भाकरीबरोबर डाळ, उसळ, ताक, तीळ वा शेंगदाण्याची चटणी, आणि चालत असल्यास अंडी वा मासळी घेतल्यास उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

केवळ ज्वारीवर विसंबणे योग्य नाही, याची साक्षही दख्खनमध्येच मिळते. हैदराबाद येथील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांतील पेलाग्रा या विकाराकडे लक्ष वेधले होते.

रंगीत ज्वारीचे प्रयोग

दाव्याच्या समर्थनार्थ एपिजेनिन आणि ल्युटिओलिन या वनस्पतिजन्य द्रव्यांचा उल्लेख होतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर त्यांचा परिणाम दिसला आहे. टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणाऱ्या अ‍ॅरोमॅटेज या विकराला ती अटकाव करतात. एपिजेनिनने उंदरांच्या लायडिग पेशींत संप्रेरकनिर्मितीला चालना मिळाल्याचेही नोंदले गेले आहे. मात्र काचपात्रातील पेशींना दिलेली मात्रा आणि जेवणातून रक्तात पोहोचणारी मात्रा यांत मोठे अंतर असते. शिवाय या वर्गातील द्रव्ये लाल आणि काळ्या ज्वारीच्या कोंड्यात विपुल असतात. आपल्याकडे आवडीने खाल्ली जाणारी मालदांडी ज्वारी मोत्यासारखी पांढरी असते. तिच्यात ती अत्यल्प आढळतात. ज्वारीचे पीठ वा काकवी खाल्ल्याने निरोगी पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन वाढते, हे माणसांवरील चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही.

काकवीचे वास्तव

गोड ज्वारीच्या धाटांचा रस आटवून काकवी करण्याची प्रथा अमेरिकेच्या केंटकी आणि टेनेसी राज्यांत एकोणिसाव्या शतकापासून आहे. महाराष्ट्रात फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीचे वाण आणि तिची काकवी यांवर दीर्घकाळ काम केले आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला एकाच पिकातून धान्य, चारा आणि गोड रस मिळावा, हा त्यामागील विचार मोलाचा आहे.

आरोग्याच्या दृष्टीने मात्र काकवी ही मुख्यतः साखरच आहे. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे 21 ग्रॅम काकवीत, साधारण 16 ग्रॅम शर्करा आणि 60 कॅलरी असतात. मॅग्नेशियम सुमारे 20 मिलिग्रॅम आणि जस्त 0.1 मिलिग्रॅमहूनही कमी. पांढऱ्या साखरेपेक्षा तिच्यात खनिजे अधिक आहेत हे खरे. पण त्यासाठी चमच्यावर चमचे खाणे परवडणारे नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 74 पुरुषांना 75 ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन सरासरी 25 टक्क्यांनी तात्पुरते घटल्याचे दिसले. पौरुषासाठी गोड पदार्थ भरपूर खाण्याचा सल्ला म्हणूनच उलटा ठरू शकतो.

लाभ कोठे होऊ शकतो

ज्वारीचा खरा उपयोग अप्रत्यक्ष आहे. पोटाभोवतीच्या चरबीत अ‍ॅरोमॅटेज सक्रिय असते. त्यामुळे स्थूल पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी आढळते. टाइप 2 मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांत ते कमी असते. मैद्याच्या पदार्थांऐवजी तंतुमय ज्वारीची भाकरी आहारात आली, तिच्या जोडीला व्यायाम आणि पुरेशी झोप असली आणि वजन उतरले, तर संप्रेरकाची पातळीही सुधारते. हे श्रेय एकट्या धान्याचे नसते; ते बदललेल्या दिनक्रमाचे असते.

तपासणी केव्हा करावी

कामेच्छा दीर्घकाळ कमी होणे, सततचा थकवा, दाढीचे केस विरळ होणे, स्नायू क्षीण होणे किंवा अपत्यप्राप्तीतील अडचण ही लक्षणे असल्यास घरगुती प्रयोगांत महिने घालवू नयेत. टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी सर्वाधिक असते. म्हणून दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी लवकर रक्ततपासणी करतात. 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी प्रमाण आणि जोडीला लक्षणे असतील, तर डॉक्टर कारणाचा शोध घेतात. त्यामागे मधुमेह, पीयूषिका ग्रंथीचा विकार किंवा एखादे औषधही असू शकते, आणि त्यांवर उपचार आहेत. मधुमेही व्यक्तींनी काकवी साखरेइतकीच जपून घ्यावी. भाकरी मात्र निःशंकपणे खावी. ती औषध म्हणून नव्हे, तर चांगले अन्न म्हणून.