पाश्चात्त्य अभिजात संगीत : एका स्वररेषेपासून वाद्यवृंदापर्यंत

धाराशिव जिल्ह्यातील माकणीसारख्या गावांत भजनाला साथ करणारी पेटी आणि वरातीच्या बँडमधील क्लॅरिनेट, ही दोन्ही वाद्ये मूळची युरोपातील. क्लॅरिनेट १७०० च्या सुमारास जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे घडले, तर पेटीचे मूळ रूप १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये. वाद्ये आपलीशी झाली. ती ज्या परंपरेतून आली, तिची ओळख मात्र मोजक्यांनाच आहे. तिचे प्रमुख कालखंड असे :

मध्ययुग (सुमारे ५०० ते १४००) : चर्चमधील उपासनागीते प्रारंभी एकाच स्वररेषेत गायली जात. अकराव्या शतकात इटलीतील ग्विदो या संन्याशाने रेषांवर स्वर लिहिण्याची पद्धत रूढ केली. स्मरणावर विसंबलेले संगीत त्यामुळे अचूक लिहिता येऊ लागले.

प्रबोधनकाळ (१४०० ते १६००) : अनेक स्वररेषा एकाच वेळी गुंफण्याची कला बहरली. पॅलेस्ट्रिना हा तिचा श्रेष्ठ रचनाकार. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकल्यावर तेथील चर्चच्या शाळांतून हे लेखन-वाचन शिकवले जाऊ लागले.

बरोक (१६०० ते १७५०) : ऑपेराचा जन्म झाला, व्हायोलिनला प्रतिष्ठा मिळाली. विवाल्डी, हँडेल आणि बाख हे या काळाचे मानकरी.

अभिजात (१७५० ते १८२०) : रचनेत प्रमाणबद्धता आली. हायडन, मोझार्ट व बीथोवन यांनी सिंफनीला प्रौढ रूप दिले. मोझार्टच्या १७८८ मधील चाळिसाव्या सिंफनीचा आधार सलील चौधरी यांनी ‘छाया’ (१९६१) चित्रपटातील एका गीताला घेतला.

रोमँटिक (एकोणिसावे शतक) : वैयक्तिक भावनेला प्राधान्य मिळाले, वाद्यवृंद विस्तारला. शोपँ, वॅग्नर, ब्राम्स, चायकोव्हस्की ही यातील ठळक नावे.

विसावे शतक : शोएनबर्गने पारंपरिक स्वरव्यवस्था मोडली. स्ट्राविन्स्कीच्या रचनेवरील नृत्यनाट्याच्या पहिल्याच प्रयोगात, १९१३ मध्ये, पॅरिसच्या प्रेक्षागृहात गोंधळ माजला.

महाराष्ट्रातील धागा

मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला. १९३६ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र झुबिन पुढे जगद्विख्यात वाद्यवृंदसंचालक झाले. २००६ मध्ये एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली.

या परंपरेचा सर्वांत व्यापक प्रसार मात्र चित्रपटगीतांनी केला. संगीतकाराने बांधलेली चाल शेकडो पानांवर लिहून प्रत्येक वादकासमोर ठेवण्याचे काम सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय संयोजकांनी केले. गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. श्रेयनामावलीत संयोजकाची नोंद झालीच, तर बहुधा सहायक म्हणून होई; वादकांची नावे क्वचितच येत. युरोपातील शतकांचा वारसा मराठी घराघरांत पोहोचवणाऱ्या या मंडळींची नोंद त्या संगीताच्या इतिहासातही व्हायला हवी.