शाळामाउलीचें ऋण



महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठीं आम्हीं चार शब्द लिहावे, अशी मंडळींची इच्छा झाली, तेव्हां आपल्या मंदिराचा इतिहास लिहावा असें प्रथम आमच्या मनांत आलें. परंतु तें काम इतरांनीं चांगल्या रीतीनें केलें आहे. शिवाय मंदिरांत आल्यावर जें प्रार्थनेचें पुस्तक आपण हातीं धरतों, तें वाचावयास आपणांस कोणीं शिकविलें, हा प्रश्न मनांतून जाईना. म्हणून आज शाळेविषयींच लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

सेमिनरींत असतांना आम्ही लॅटिन भाषेंतील दोन शब्द शिकलों : 'आल्मा मातेर', म्हणजे पोषण करणारी माता. प्राचीन रोमन लोक हें नांव आपल्या देवतांस देत असत. पुढें ख्रिस्तसभेनें त्याच शब्दांनीं पवित्र मरियेस हांक मारली. आणि इटलींतील बोलोन्या येथील पुरातन विद्यापीठ आजही स्वतःस याच नांवानें ओळखवितें. तेव्हांपासून आपण जेथें शिकलों त्या शाळेस आई म्हणण्याचा प्रघात जगभर पडला. संगमनेर येथील आपल्या शाळेचें 'ज्ञानमाता' हें नांव याच भावनेचें द्योतक होय. मात्र आमच्या मराठवाड्यांत या मायेचा इतिहास जरा निराळा आहे. येथें शाळा मिळाली म्हणून ज्यांनीं तिच्यावर प्रेम केलें, त्यांच्याहूनही ती मिळाली नाहीं म्हणून जे तिच्यासाठीं झुरले, त्यांची संख्या मोठी आहे.

परभणीहून पूर्णेकडे निघालें म्हणजे पहिलें स्टेशन पिंगळीचें लागतें. सन १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद हा लहान मापाचा लोहमार्ग या मुलखांतून गेला. आज तो रुंद झाला आहे. परंतु आमच्या बाळपणीं लहान गाडीच धांवत असे. वडील त्या मार्गावर गँगमन होते, आणि आजोबा आमच्यापाशींच राहत. आमचें सारें प्राथमिक शिक्षण पिंगळीस झालें. सकाळची गाडी परभणीकडे गेली कीं पाटी-दप्तर उचलावयाचें, असा आमच्या घरचा नेम होता. आणि गाडी ज्या दिवशीं उशिरा येई, त्या दिवशीं गुरुजींची छडीही आमची वाट पाहत असे.

आमचे आजोबा मूळचे गोदाकांठच्या एका खेड्यांतले. त्यांच्या लहानपणीं त्या खेड्यांत शाळा होती, परंतु आमच्या लोकांच्या मुलांस आंत बसूं देत नसत. बाहेर, भिंतीच्या कडेला, गुरें राखण्याच्या निमित्तानें उभें राहून तीं मुलें आंतील घोष ऐकत. त्यामुळें एक विलक्षण गोष्ट घडली. पाढे कानांनीं शिकतां येतात. अक्षरें मात्र डोळ्यांनींच शिकावीं लागतात. आजोबांस तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दिडकी सर्व मुखोद्गत होतें. बाजारांत वाण्याचा हिशेब ते त्याच्याआधीं करीत. परंतु स्वतःचें नांव त्यांना शेवटपर्यंत वाचतां आलें नाहीं. असें असूनही पिंगळीच्या शाळेपाशीं आम्हांस सोडावयास आले म्हणजे ते पायरीजवळ पायतण काढून उभे राहत. त्याचें कारण त्या वयांत आम्हांस कळत नसे.

आतां त्या काळचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पांच मराठी जिल्हे तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत. १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणें संस्थानांतील निम्म्याच्या आसपास प्रजा तेलुगू, तर सुमारें चौथा हिस्सा मराठी बोलणारी होती. उर्दू मातृभाषा असलेले लोक दहांत एकाच्या आसपास होते. आणि साक्षर लोक तर शंभरांत पांचाच्याच जवळपास. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. पहिल्या इयत्तांत मराठी चाले. पुढें शिकावयाचें तर उर्दूंतून. खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे आणि ती सहसा मिळत नसे. त्या वेळच्या परभणी जिल्ह्यांतील सातोना येथें १९१३ सालीं जन्मलेले कवी बी. रघुनाथ यांना शिक्षणासाठीं थेट हैदराबादेस जावें लागलें, यावरून या भागाची स्थिति ध्यानांत येईल.

येथें न्यायाची एक गोष्ट बोलणें आमचें कर्तव्य आहे. १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठ हें देशी भाषेंतून उच्च शिक्षण देणारें हिंदुस्थानांतील पहिलें आधुनिक विद्यापीठ होय. शास्त्रें, कायदा, वैद्यक यांचीं पुस्तकें उर्दूंत उतरविण्यासाठीं तेथें स्वतंत्र भाषांतर-खातें होतें. देशी भाषेंतून उत्तम ज्ञान देतां येतें, हें त्या विद्यापीठानें सर्व देशास दाखवून दिलें. दोष इतकाच कीं, ती देशी भाषा बहुसंख्य प्रजेच्या आईची भाषा नव्हती. जें तत्त्व एका भाषेसाठीं मान्य झालें, तेंच दुसऱ्या तीन भाषांस नाकारलें गेलें.

अशा परिस्थितींत कांहीं थोर माणसांनीं शाळा काढल्या. औरंगाबादेस १९१५ सालीं सरस्वती भुवन निघालें. उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परगा या लहानशा खेड्यांत १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर नांवाचे तरुण शिक्षक तेथें मुख्याध्यापक झाले; तेच पुढें संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ म्हणून प्रसिद्धीस आले. हिप्परग्यानंतर स्वामीजी व त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे यांनीं आंबेजोगाईस योगेश्वरी विद्यालयाची धुरा वाहिली. आमच्या परभणी जिल्ह्यांत सेलू येथें १९३९ सालीं नूतन विद्यालय निघालें. या शाळांतून नुसतीं पुस्तकें शिकविलीं जात नसत. मुलें गुरुजींबरोबर राहत, श्रम करीत, आणि आपली भाषा ही लाज बाळगण्याची वस्तु नव्हे, हें तेथें प्रथम शिकत.

१९३८ सालीं या शिक्षणाची कसोटी लागली. त्या वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजांत व उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनीं वंदे मातरम् गाइलें, आणि तें थांबविण्याची आज्ञा त्यांनीं मानली नाहीं. शेंकडों विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें. क्षमापत्र लिहून देऊन परत जाणें त्यांस अशक्य नव्हतें. परंतु पुष्कळांनीं तें लिहिलें नाहीं. तेव्हां नागपूर विद्यापीठानें आपलीं दारें त्यांच्यासाठीं उघडलीं. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच बहिष्कृत विद्यार्थ्यांपैकीं एक होत. स्वामीजीही त्याच वर्षीं शाळा सोडून सत्याग्रहांत उतरले, आणि त्यांचे कित्येक विद्यार्थी त्यांच्या मागोमाग गेले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली. त्यानंतर या लोकांनीं काय केलें, हें आमच्या मतें अधिक विचार करण्याजोगें आहे. स्वामीजींच्या पुढाकारानें १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. मुक्तिसंग्रामाचे दुसरे पुढारी गोविंदभाई श्रॉफ यांनीं २००२ सालीं देह ठेवीपर्यंत सरस्वती भुवन संस्थेची सेवा केली. शाळेंतून रणांत गेलेलीं माणसें रण संपल्यावर पुनः शाळेंत आलीं. आणि ज्यांना पूर्वीच्या शाळांत जागाच नव्हती, त्यांच्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० सालींच औरंगाबादेस महाविद्यालय उघडलें. तें आज मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध आहे. आमच्या आजोबांची ती भिंतीबाहेरची जागा त्या दिवशीं खऱ्या अर्थानें मोडूं लागली.

आपल्या मिशनचीही या कामीं आठवण ठेविली पाहिजे. औरंगाबाद जिल्ह्यांतील घोगरगांवीं फादर गुरियन जाकिए यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें. त्यांच्यासारख्या फादरांनीं खेडोपाडीं जे मास्तर नेमले, ते रात्रीं कंदिलाच्या उजेडांत धर्मशिक्षणाबरोबर मुळाक्षरेंही शिकवीत. आणि मराठीच्या अभिमानाचें म्हणाल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचें उदाहरण आपल्यापुढें आहेच. जन्मानें इंग्रज असलेल्या त्या येशूसंघीय धर्मगुरूंनीं गोव्यांत राहून दहा हजारांहून अधिक ओव्यांचें ख्रिस्तपुराण मराठींत रचिलें. तें १६१६ सालीं छापलें गेलें. परक्यास जी भाषा इतकी गोड वाटली, ती आपल्या लेंकरांस कडू वाटावी, हें बरें नव्हे.

आतां आमच्या शाळेकडे परत येऊं. जमीन शेणानें सारवलेली. शनिवारीं सकाळची शाळा. पाटी पुसावयास ओलें फडकें, आणि फडकें नसल्यास सदऱ्याची बाही. १९७२ च्या दुष्काळांत मिळालेल्या सुकडीच्या गोष्टी मोठीं मुलें आम्हांस इतक्या चवीनें सांगत कीं, दुष्काळ म्हणजे कांहीं सण असावा असें आम्हांस वाटे. आमचे गुरुजी स्वतः उर्दूंतून शिकले होते. हजेरीचा हिशेब करतांना ते ओठांतल्या ओठांत उर्दू आंकडे मोजीत, आणि मुलें हंसलीं कीं स्वतःही हंसत. १७ सप्टेंबर आला कीं मुक्तिसंग्रामाची हकीकत सांगत; परंतु शेवटीं न चुकतां म्हणत, ''पोरांनो, उर्दू गोड भाषा आहे. ती लादली, हा भाषेचा दोष नव्हे.'' त्यांनीं आम्हांस पहिल्या रांगेंत बसविलें. कोणाच्या आजोबांस कोठें उभें राहावें लागलें होतें, हें त्यांस ठाऊक असावें.

दुसरींत असतांना एके सायंकाळीं आम्हीं पाटीवर आजोबांचें नांव लिहून त्यांना दाखविलें. त्यांनीं पाटी हातीं घेतली, एकेका अक्षरावरून बोट फिरविलें, आणि ती देवळींत उंच ठेवून दिली. पुसूं म्हणून देईनात. दुसऱ्या दिवशीं पाटीवांचून शाळेंत गेलों. गुरुजींनीं कारण विचारलें. आम्हीं भीत भीत सांगितलें. गुरुजी कांहीं बोलले नाहींत. दुपारच्या सुटींत त्यांनीं आपल्या पैशांनीं नवी पाटी आणून दिली.

वाचकहो, यापुढील गोष्ट सांगतांना आम्हांस लाज वाटते. आम्ही सेमिनरींत गेल्यावर गुरुजींचीं पोस्टकार्डें येत. प्रथम आम्ही उत्तरें देत असूं. पुढें अभ्यास, पुढें दीक्षा, पुढें बदल्या. तीस वर्षांत शाळेची पायरी चढलों नाहीं. दरवर्षीं गाडी पिंगळीवरून जाई, आम्ही खिडकींतून पाहत असूं, आणि पुढच्या खेपेस उतरूं असें म्हणत असूं. गुरुजी वारल्याची बातमी आम्हांस महिन्यानंतर कळली. तेव्हां उतरलों. गुरुजींच्या घरीं जाऊन त्यांच्या पत्नीस भेटलों. त्या माउलीनें आमचीं चारपांच पत्रें एका डब्यांतून काढून आमच्यापुढें ठेविलीं. त्यांनीं दोष दिला नाहीं. म्हणूनच तो अधिक लागला.

हें लिहिण्याचा हेतु एकच. आज खेड्यांतील मराठी शाळांत मुलें कमी होत चाललीं आहेत. पालक इंग्रजी शाळा शोधतात. त्यांत त्यांचा दोष नाहीं. लेंकराचें बरें व्हावें असें कोणास वाटत नाहीं? आपल्याच मिशननें अशा शाळा चालविल्या आहेत, आणि त्यांतून पुष्कळांचें कल्याण झालें आहे. मूल कोणत्याही शाळेंत जावो. परंतु घरीं त्यानें मराठी वाचावें, लिहावें, आणि ज्या शाळेनें आपल्या आईबापांस पहिल्यानें आंत घेतलें तिला विसरूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. मंदिराच्या महोत्सवास आपण वर्गणी दिली. तशीच आपल्या जुन्या शाळेस एक खेप द्यावी. पुस्तकांची एक पेटी, गळक्या कौलांसाठीं चार रुपये, आणि हयात असलेल्या गुरुजींस व बाईंस एक नमस्कार. नमस्कारास उशीर मात्र करूं नये. त्याची भरपाई होत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगत आहों.

आजोबांची ती पाटी आजही आमच्यापाशीं आहे. अक्षरें केव्हांच पुसट झालीं. परंतु या महोत्सवाच्या दिवशीं मिस्सा अर्पितांना ज्यांनीं आम्हांस वाचावयास शिकविलें, आणि ज्यांना कोणीं शिकविलें नाहीं, त्या सर्वांचें आम्ही वेदीपाशीं स्मरण करूं. आपणही आपापल्या गुरुजनांचीं नांवें मनांत घ्यावीं, ही प्रेमाची विनंती.

आपला,
धर्मगुरू