तळटीप १२ : अलायन्सचे शिबिर

१२. अलायन्सचे शिबिर : ‘अलायन्स’ म्हणजे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. कॅनडात जन्मलेले पाळक अ‍ॅल्बर्ट सिम्पसन (१८४३-१९१९) हे तिचे संस्थापक. अमेरिकेतील मेन राज्यात ओल्ड ऑर्चर्ड येथे उन्हाळ्यात तंबू ठोकून उपासनेचा मेळावा भरे. १८८७ साली तेथेच या चळवळीच्या दोन संस्था निघाल्या आणि १८९७ मध्ये त्या एक झाल्या. तेव्हा शिबिर हे या मंडळींच्या मुळातच आहे. वऱ्हाडात अकोला हे त्यांचे मोठे ठाणे. मार्कस व जेनी फुलर हे दांपत्य तेथील आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी. भारतीय स्त्रियांच्या हालांवर जेनीबाईंनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाला (१९००) पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे.

उताऱ्यातील ‘गटप्रमुख’ म्हणजे शिबिरातील लहान गटाची जबाबदारी घेतलेला, वयाने थोडा मोठा युवक किंवा युवती. पहाटेची प्रार्थना, बायबलचे वाचन, जेवण, झाडलोट, सारे तो मुलांबरोबरच करतो. येथे तो मुलांची ताटे घासतो, ती शिक्षा नव्हे. ज्याला पुढारी व्हायचे त्याने सर्वांचा सेवक व्हावे, या येशूच्या शिकवणीचा (मार्क १०:४३-४५) तो आचार आहे. प्रवचनापेक्षा सोबत राहणाऱ्याच्या वागण्यातून शील घडते, ही या शिबिरांमागची श्रद्धा ध्यानात घेतली, तर पुढील संवादाचा अर्थ नीट लागतो. — संपादक