प्रोबायोटिकमुळे चिंता कमी होते का? आतड्यातील जिवाणू आणि मनःस्थिती यांच्या नात्याचा पुरावा

मुलाखतीच्या दालनाबाहेर बसलेल्या उमेदवाराच्या पोटात गोळा येतो, अवेळी फोन वाजला की पोटात धस्स होते, जवळच्या माणसाची खुशाली कळेपर्यंत पोटात कालवाकालव होत राहते. मनाची अस्वस्थता मराठी भाषेने पूर्वापार पोटातच नोंदवून ठेवली आहे. गेल्या दोन दशकांत शरीरशास्त्रज्ञांनी याच नात्याचा उलट दिशेने शोध घेतला. मन अस्वस्थ झाल्यावर पोट बिघडते, हे सर्वांना ठाऊक होते. पण पोट, नेमके सांगायचे तर पोटातील जिवाणू, मनाला अस्वस्थ किंवा शांत करू शकतात का, हा प्रश्न नवा होता. त्याच्या पाठोपाठ बाजारात कॅप्सूल, पुड्या आणि बाटलीबंद पेये आली, आणि त्यांच्यासोबत ‘मनःशांती’चे सूचक आश्वासनही आले.

आज उपलब्ध असलेल्या पुराव्याचा निष्कर्ष सुरुवातीलाच सांगितलेला बरा. प्राण्यांवरील प्रयोगांत प्रोबायोटिकचा परिणाम ठळक दिसतो. निरोगी माणसांत तो कधी किंचित दिसतो, कधी मुळीच दिसत नाही. ज्यांना चिंताविकार जडलेला आहे, अशा रुग्णांसाठी प्रोबायोटिक हा मान्यताप्राप्त उपचार नाही. चालू उपचारांना जोड म्हणून ते उपयोगी पडेल का, याचा शोध अद्याप प्राथमिक अवस्थेत आहे.

प्रोबायोटिक कशाला म्हणायचे, याची व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने २००१ मध्ये केली. योग्य प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा आशय आहे. या व्याख्येतील प्रत्येक शब्दाला वजन आहे. जिवाणू जिवंत हवेत, प्रमाण पुरेसे हवे आणि लाभ सिद्ध झालेला हवा. घरी विरजलेल्या दह्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात. मात्र ते नेमके कोणत्या वाणाचे आहेत आणि त्या वाणाचा कोणता लाभ तपासला गेला आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून शास्त्रीय अर्थाने दही हे आंबवलेले अन्न आहे; ते आपोआप प्रोबायोटिक ठरत नाही. इडली वाफवल्यावर आणि कढीला उकळी आल्यावर तर त्यातील बहुतेक जिवाणू मरून जातात. अर्थात यामुळे दह्याची किंवा इडलीची पौष्टिकता उणावत नाही, हेही लगेच नमूद केले पाहिजे.

जिवाणू देऊन मन बरे करण्याची कल्पना मात्र आजची नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आंबवलेल्या दुधाचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले आणि त्यांच्या शब्दाला युरोपात मोठे वजन आले. १९१० मध्ये लंडनच्या बेथलेम रुग्णालयातील डॉक्टर जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी विषण्णतेने ग्रासलेल्या १८ रुग्णांना दुग्धाम्ल जिवाणू देऊन पाहिले आणि ११ जण पूर्ण बरे झाल्याचे नोंदवले. आकडा आकर्षक आहे. पण त्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. जिवाणू न देता किती जण बरे झाले असते, हे कळण्याचा मार्गच नव्हता. एका शतकानंतरही या क्षेत्रातील अनेक दाव्यांची दुखरी नस हीच आहे.

उंदरांनी दिलेली आशा

आधुनिक संशोधनाला खरी चालना जपानमधून मिळाली. क्युशू विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या उंदरांच्या आतड्यांत एकही जिवाणू नव्हता. त्यांना थोडा वेळ जखडून ठेवले असता त्यांच्या रक्तात तणावाची संप्रेरके सामान्य उंदरांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात वाढली. त्यांना बिफिडोबॅक्टेरियम गटातील एक जिवाणू दिल्यावर ही अतिरेकी प्रतिक्रिया निवळली. सामान्य उंदरांचे आतड्यातील जिवाणू दिल्यावरही सुधारणा झाली, पण ते लहान वयात दिले तरच. वय वाढल्यावर नाही. तणावाला तोंड देणारी शरीराची यंत्रणा घडण्यात आतड्यातील जिवाणूंचा हात असतो, हे यातून पुढे आले.

त्यानंतर २०११ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क आणि कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठांच्या संशोधकांनी लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा ‘जेबी-१’ हा वाण उंदरांना दिला. हे उंदीर मोकळ्या, उघड्या जागेत जाण्यास कमी बिचकू लागले. मेंदूला शांतवणाऱ्या गाबा या रसायनाचे ग्राहक त्यांच्या मेंदूच्या काही भागांत बदललेले आढळले. संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. आतडे आणि मेंदू यांना जोडणारा व्हेगस नावाचा लांब मज्जातंतू त्यांनी काही उंदरांत शस्त्रक्रियेने छेदला, आणि त्या उंदरांत जिवाणूंचा परिणाम नाहीसा झाला. निरोपाची तारच तोडली, तर निरोप पोहोचत नाही. जिवाणूंकडून मेंदूकडे खरोखर काही संदेश जातो, याचा इतका स्वच्छ पुरावा त्याआधी क्वचितच मिळाला होता.

व्हेगस हा एकच मार्ग नाही. जिवाणू तंतुमय अन्न आंबवतात तेव्हा तयार होणारी लघुशृंखला मेदाम्ले, रोगप्रतिकार यंत्रणेचे दाहजनक संदेशवाहक आणि तणावाची संप्रेरके, अशा वाटांनीही आतडे आणि मेंदू एकमेकांशी जोडलेले आहेत. येथे एका लोकप्रिय गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते, हे विधान बरोबर आहे. जाहिरातींत आणि समाजमाध्यमांवर ते हटकून आढळते. पण आतड्यातील सेरोटोनिन रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर ओलांडून मेंदूत जात नाही. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः तयार करतो. तेव्हा ‘आतड्यात सेरोटोनिन वाढवा आणि आनंदी व्हा’ हे सूत्र ऐकायला सोपे असले, तरी शरीररचनेत बसत नाही.

माणसांवरील चाचण्या

माणसांवरील चाचण्यांचा इतिहास आशेपेक्षा सावधगिरीच अधिक शिकवतो. २०११ मध्ये फ्रान्समधील एका चाचणीत ५५ निरोगी स्वयंसेवकांना ३० दिवस लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस आणि बिफिडोबॅक्टेरियम लाँगम यांचे मिश्रण किंवा तसेच दिसणारे निष्प्रभावी चूर्ण, म्हणजे प्लासिबो, देण्यात आले. जिवाणू घेतलेल्या गटात मानसिक त्रासाचे गुणांक कमी झाले आणि या निष्कर्षाला जगभर प्रसिद्धी मिळाली. पुढे न्यूझीलंडमधील संशोधकांनी हेच दोन जिवाणू, खिन्नतेचा खरोखर त्रास असलेल्या ७९ जणांवर आठ आठवडे तपासले. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. या दुसऱ्या बातमीला पहिलीइतकी जागा मिळाली नाही.

‘जेबी-१’ची कथा याहून बोलकी आहे. उंदरांना निर्धास्त करणारा हा वाण कॉर्कमधील संशोधकांनीच २९ निरोगी पुरुषांना दिला. तणाव, चिंता, स्मरणशक्ती, संप्रेरके, मेंदूतील विद्युतलहरी, यांपैकी कशातही प्लासिबोहून वेगळा परिणाम दिसला नाही. आपल्याच गाजलेल्या शोधाचा माणसांत पडताळा आला नाही, हे या चमूने २०१७ मध्ये मोकळेपणाने प्रसिद्ध केले. विज्ञानात अशा प्रामाणिकपणाचे मोल मोठे असते, आणि या विषयात तर त्याची विशेष गरज आहे. कारण काही महत्त्वाच्या चाचण्यांना दुग्धपदार्थ किंवा खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांनीच अर्थसाहाय्य दिलेले आहे. तेवढ्यावरून निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. पण वाचताना ही बाब नजरेआड करू नये.

आतड्यांच्या विकाराने त्रस्त रुग्णांमध्ये चित्र थोडे वेगळे दिसते. मॅकमास्टर विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत आतड्याच्या संवेदनशीलतेचा विकार, म्हणजे आयबीएस, आणि त्यासोबत सौम्य ते मध्यम चिंता किंवा नैराश्य असलेले ४४ रुग्ण होते. सहा आठवड्यांनंतर नैराश्याचे गुणांक जिवाणू घेतलेल्या २२ पैकी १४ जणांत, तर प्लासिबो घेतलेल्या २२ पैकी ७ जणांत घटले. चिंतेवर मात्र परिणाम झाला नाही. प्लासिबो गटातील ते सात जणही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. आपल्यावर उपचार होत आहेत, या जाणिवेनेच चिंता आणि नैराश्य काही अंशी कमी होते. म्हणूनच ‘मला फरक पडला’ हा वैयक्तिक अनुभव खरा असूनही कॅप्सूलच्या गुणाचा पुरावा होत नाही.

चिंताविकाराचे निदान झालेल्या रुग्णांवरील चाचण्या मोजक्याच आहेत. इराणमध्ये ४८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सर्ट्रालिन या औषधासोबत प्रोबायोटिक दिलेल्या गटात, केवळ औषध घेणाऱ्यांपेक्षा चिंता अधिक कमी झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२३ मध्ये, औषधांनी पुरेसा गुण न आलेल्या नैराश्याच्या ४९ रुग्णांवरील प्राथमिक चाचणी प्रसिद्ध केली. त्यातही नैराश्य आणि चिंता या दोन्हींत सुधारणेचा कल दिसला. दोन्ही ठिकाणी प्रोबायोटिक औषधाच्या जोडीला होते, औषधाच्या जागी नव्हते. रुग्णांची संख्या लहान होती आणि कालावधी आठ आठवड्यांचा.

अशा विखुरलेल्या चाचण्या एकत्र मांडून पाहणारे आढावेही एकमुखी नाहीत. २०१८ मधील एका आढाव्यात ७४३ प्राणी आणि १,५२७ माणसे यांच्यावरील अभ्यासांची माहिती होती. प्राण्यांत चिंतासदृश वर्तन कमी झाले, माणसांत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी ३४ चाचण्यांच्या आढाव्याने चिंता आणि नैराश्यावर लहानसा, पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण परिणाम नोंदवला. त्याच वर्षी चीनमधील संशोधकांनी २१ अभ्यास तपासले, तेव्हा वेगळीच बाब समोर आली: प्रोबायोटिक वापरलेल्या १४ पैकी जेमतेम एक तृतीयांश अभ्यासांत चिंता घटली होती, आहारात बदल करण्यासारखे अन्य उपाय वापरलेल्या ७ पैकी ६ अभ्यासांत ती घटली होती. सात ही संख्या निर्णायक नाही. तरीही कॅप्सूलपेक्षा ताटाकडे लक्ष वळवणारा हा निष्कर्ष आहे.

निष्कर्षांत एवढी तफावत का, याचे एक उत्तर इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधनाने २०१८ मध्ये दिले. तेथे स्वयंसेवकांच्या आतड्यांतून थेट नमुने घेण्यात आले. काहींच्या आतड्यांत प्रोबायोटिकचे जिवाणू मुक्काम करत होते, काहींच्या आतड्यांतील मूळ रहिवासी त्यांना थाराच देत नव्हते. याच चमूच्या दुसऱ्या प्रयोगात प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेतल्याने मूळ जिवाणूसृष्टी पूर्ववत होण्यास विलंब लागल्याचे आढळले. प्रतिजैविकासोबत प्रोबायोटिकची कॅप्सूल सवयीने लिहून देण्याची पद्धत असलेल्या आपल्या देशात या निरीक्षणाची पुरेशी चर्चा झालेली नाही.

वापर, नियम आणि जोखीम

प्रोबायोटिकचा गुण वाणागणिक बदलतो. एका वाणाचा निष्कर्ष त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाला लागू होत नाही. म्हणून वेष्टनावर नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेले असेल, तर त्यावरून काहीच समजत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जिवाणूची प्रजाती, जाती आणि वाण, वापराची मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या आणि साठवणुकीची पद्धत वेष्टनावर असावी लागते. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर ते औषधी वापरासाठी नसल्याचे नमूद करणेही बंधनकारक आहे. ‘चिंता दूर करते’ असा दावा करणारे अन्नपूरक ग्राहकाने त्याच कारणासाठी संशयाने पाहावे.

निरोगी प्रौढांसाठी प्रोबायोटिक सहसा निर्धोक असते. पहिले काही दिवस पोट फुगणे किंवा वायू होणे एवढाच त्रास संभवतो. गंभीर आजारात मात्र परिस्थिती वेगळी असते. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या २९८ रुग्णांवरील चाचणीत प्रोबायोटिक दिलेल्यांपैकी १६ टक्के, तर प्लासिबो दिलेल्यांपैकी ६ टक्के रुग्ण दगावल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिकारशक्ती खालावलेल्या, अतिदक्षता विभागातील आणि अकाली जन्मलेल्या अर्भकांच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रोबायोटिक देऊ नये, ते यामुळेच.

याहून व्यापक धोका शारीरिक नाही, तो विलंबाचा आहे. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मधील अभ्यासानुसार २०१७ मध्ये भारतात सुमारे ४ कोटी ४९ लाख लोकांना चिंताविकार होता. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास संकोच वाटणाऱ्या माणसाला औषधांच्या दुकानातील पोटाची कॅप्सूल सोयीची वाटते. ती विकत घेताना कोणाला काही सांगावे लागत नाही. या सोयीत महिने निघून जातात. दरम्यान, ज्यांची परिणामकारकता अनेक चाचण्यांनी सिद्ध झाली आहे ते उपाय, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार आणि सर्ट्रालिनसारखी औषधे, दूरच राहतात. काही वेळा चिंतेमागे थायरॉईडचा अतिस्राव किंवा चहा-कॉफीचा अतिरेक असतो. तोही तपासल्याशिवाय कळत नाही.

दही, ताक, अंबील, ओडिशातील पखाळ, तमिळनाडूतील पळैय सादम किंवा उत्तरेतील कांजी यांना आहारात स्थान देण्यास हरकत घेण्याचे कारण नाही. डाळी, भरडधान्ये आणि भाज्यांतील तंतुमय घटक आतड्यातील जिवाणूंचे अन्न आहेत. ज्यांना प्रोबायोटिक घेऊनच पाहायचे आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून, चाचणी झालेला विशिष्ट वाण चाचणीतील कालावधीइतका, म्हणजे साधारण चार ते आठ आठवडे घ्यावा आणि फरक न जाणवल्यास थांबवावा. चालू असलेले चिंताविकाराचे औषध त्यासाठी परस्पर बंद करू नये. अचानक बंद केल्यास चक्कर, झोपमोड आणि अस्वस्थता उद्भवू शकते.

काळजी आवरता न येणे, झोप न लागणे, छातीत धडधड होणे आणि कामावर किंवा घरातील व्यवहारांवर परिणाम होणे, अशी लक्षणे काही आठवडे टिकली, तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशकाशी बोलता येते.