नव्या घड्याळाचे जुनेपण

घड्याळजीच्या दुकानाची पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाची पूर्वी एकच मागणी असे. तबकडी पिवळी पडली आहे, काचेवर चरे उमटले आहेत, डबीची चकाकी गेली आहे. तेवढे नव्यासारखे करून द्या, असे तो म्हणे. आज त्याच दुकानात क्वचित असाही तरुण येतो, की ज्याच्या मनगटावरचे घड्याळ गेल्या आठवड्यात घेतलेले असते आणि मागणी असते ती ते जुने करून देण्याची. तबकडीवर चहाच्या रंगाची झाक हवी, काट्यांवरचा पांढरा रंग मळकट पिवळा दिसावा, डबीच्या कडा वीस वर्षे बाहीवर घासल्यासारख्या झिजाव्यात. काही हौशी लोक हे उद्योग घरीच करतात. तबकडी कॉफीच्या पाण्यात बुडवतात, भट्टीत तापवतात, पितळी डबीला अमोनियाची वाफ देऊन तिच्यावर हिरवट कळा आणतात. ऐकणाऱ्याला हसू येईल. परंतु ही हौस केवळ आजच्या पिढीचे खूळ नव्हे. तिच्यामागे इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक पदर आपल्या मुंबईत व गोव्याच्या जुन्या सरहद्दीवर विणला गेलेला आहे.

खिशातले व मनगटावरचे घड्याळ आपल्याकडे आले ते स्वित्झर्लंडहून, मुंबई बंदराच्या मार्गे. फाव्र-लूबा या स्विस घराण्याने १८६५ साली मुंबईत आपले बस्तान बसविले. पुढे वेस्ट एंड वॉच कंपनीही मुंबईतूनच नावारूपाला आली; तिच्या ‘सोवार’ या छापाचे नावच मुळी आपल्या ‘स्वार’ शब्दावरून घेतलेले होते. रेल्वेचे नोकर, पलटणीतले शिपाई, शाळामास्तर यांच्या घरांतून ही घड्याळे दोन-दोन पिढ्या चालली. घड्याळ ही त्या काळी एकदाच घेण्याची वस्तू होती. ते जुने दिसू नये यासाठी माणसे धडपडत, कारण जुने दिसणारे घड्याळ म्हणजे नवे घेण्याची ऐपत नसल्याची कबुली.

तथापि याला एक अपवाद होता, आणि तो पाहण्यासाठी आपल्याला उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात जावे लागेल. १९५६ सालापर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. तालुक्याचे ठाणे पूर्वी सुपे येथे असे. ते गाव पुढे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. या तालुक्यात बाजारकुणंगसारखी रानाने वेढलेली गावे आहेत, आणि याच तालुक्यात कॅसलरॉक हे स्टेशन आहे. १८८८ साली मुरगाव बंदरापासून घाट चढून रेल्वे येथवर आली आणि हे आडरानातले ठिकाण दोन राज्यांच्या सीमेवरचे नाके बनले. घाटाखाली कुळे येथे पोर्तुगीजांची जकात, घाटावर कॅसलरॉक येथे आपली. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान सरकारने परकीय चलन वाचविण्यासाठी आयातीवर निर्बंध घातले, त्यांत परदेशी घड्याळेही आली. गोव्यात मात्र लोहखनिजाच्या निर्यातीमुळे चलनाची ददात नव्हती आणि स्विस घड्याळे सहज मिळत. १९५५ साली ही आगगाडी बंद झाली, पण घाटातल्या पायवाटा कशा बंद होणार? गोव्यातून चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालात सोन्याच्या जोडीला घड्याळे असत, ही गोष्ट त्या काळच्या वृत्तपत्र-वाचकाला सांगावी लागत नसे.

आता जकातीच्या कायद्यातली एक मेख ध्यानात घ्यावयास हवी. प्रवाशाच्या अंगावरची, वापरातली वस्तू वेगळी आणि विक्रीसाठी आणलेला नवा माल वेगळा, असा भेद हा कायदा करतो. म्हणजे एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेली दोन घड्याळे नाक्यावर आली, तर त्यांतले ज्याच्या पट्ट्याला घामाचा डाग आहे ते बिनबोभाट पलीकडे जाईल आणि दुसऱ्याची झडती होईल. अशा ठिकाणी दोन ओरखडे आणि एक मळका पट्टा यांची किंमत किती, याचा हिशेब चाणाक्ष माणसाने केला नसेल असे मला वाटत नाही. येथे जुनेपण ही हौस नव्हती. ते एक प्रकारचे पारपत्र होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, सीमा पुसली गेली आणि या पारपत्राची गरजही या वाटेवर उरली नाही.

त्याच १९६१ साली बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळांचा कारखाना सुरू केला. एच.एम.टी. हे नाव मग घरोघर गेले. ‘जनता’ हे चावीचे घड्याळ मॅट्रिक पास झालेल्या मुलाला, लग्नातल्या जावयाला, निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला मिळू लागले. या घड्याळाच्या मागच्या झाकणावर नाव आणि तारीख कोरून घेण्याची पद्धत होती. हा कारखाना चालविणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला, आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या घड्याळांना कोणी विचारीत नव्हते, त्यांचा शोध सुरू झाला.

परंतु त्याच्याही आधीपासून मुंबईत एक वेगळाच धंदा भरभराटीला आला होता. भंगारात आलेली एच.एम.टी., फाव्र-लूबा, वेस्ट एंड ही घड्याळे उघडावयाची, तबकडीवरचा जुना रंग खरवडावयाचा, तिच्यावर भडक निळा, केशरी वा हिरवा रंग चढवून कंपनीचे नाव पुन्हा छापावयाचे, डबी घासून-पुसून लखलखीत करावयाची, एका घड्याळाचे काटे दुसऱ्याला बसवावयाचे, आणि हे सारे ‘अस्सल जुने घड्याळ’ म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला विकावयाचे. जगभरच्या संग्राहकांनी या मालाला ‘मुंबई स्पेशल’ असे नावच देऊन टाकले आहे, आणि ते कौतुकाने दिलेले नाही. जाणत्याला हा माल ओळखता येतो. छापलेली अक्षरे फुगलेली असतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, डबीच्या धारदार कडा घासून साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतात. कारागिराच्या हातात कौशल्य आहे यात शंका नाही. पण त्याने एका म्हाताऱ्याला तरुणाचा पोशाख चढवून पुन्हा म्हातारा म्हणूनच उभे केले आहे.

या धंद्यात एक धोकाही आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही रंगाला आपण सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. मोटारसायकलीवर चिकटविलेल्या पट्टीलाही रेडियमच म्हणतो, जरी तिच्यात रेडियमचा कणही नसतो. पण १९६० पूर्वीच्या कित्येक घड्याळांच्या आकड्यांवर खरोखरच रेडियम असे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज या गावी पहिल्या महायुद्धाच्या काळात तरुण मुली हा रंग भरण्याचे काम करीत. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून त्या ते ओठांनी ओढीत, कारण त्यांना तसेच शिकविले गेले होते. त्यांच्या जबड्यांची हाडे झडली, अनेकींना प्राण गमवावे लागले. पाच जणींनी भरलेला खटला १९२८ साली तडजोडीने मिटला, तोवर त्यांच्यापैकी काहींना धड चालताही येत नव्हते. त्या रंगातला जस्ताचा क्षार रेडियमच्या माऱ्याने हळूहळू जळतो, चमक मावळते आणि उरतो तो भाजलेल्या भाकरीसारखा तपकिरी रंग. चमक गेली तरी रेडियम जात नाही. ते अर्धे व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात. तेव्हा जुनी तबकडी कोरडी खरवडणारा कारागीर नकळत कसली धूळ श्वासावाटे घेत असेल, याचा विचार व्हावयास हवा. १९६० नंतर रेडियमच्या जागी ट्रिटियम आले आणि १९९० नंतर किरणोत्सर्ग नसलेले निर्धोक रंग आले. हे नवे रंग शुभ्र वा फिकट हिरवे राहतात, जळत नाहीत.

गंमत अशी, की गेल्या पंधरा-वीस वर्षांत स्वित्झर्लंडमधील नामांकित कारखान्यांनीच या निर्धोक रंगात मुद्दाम पिवळट तपकिरी छटा मिसळून नवी घड्याळे बाजारात आणली आहेत. ती हातात घेणाऱ्याला वाटावे की हे आजोबांचे घड्याळ. कोणा पाणबुड्याच्या वा वैमानिकाच्या हातावर तीस वर्षे राहिल्याने आलेला तो रंग, आता दुकानातच विकत मिळतो. तो मुळात कशाच्या जळण्याने येत असे, हे किती गिऱ्हाइकांना ठाऊक असेल?

काळ्या तबकडीची कथा याहून नवलाची आहे. काही जुन्या काळ्या तबकड्यांचा रंग कच्चा होता. कडक ऊन आणि दमट हवा लागली की तो विटून चॉकलेटी होई. कोकणातल्या, गोव्यातल्या किंवा सिंगापुरातल्या गिऱ्हाइकाने अशी तबकडी दुकानदारापुढे आपटून भांडण केले असते. आज संग्राहक तिला ‘ट्रॉपिकल’, म्हणजे उष्ण कटिबंधातली, म्हणतात आणि तिच्यासाठी कैक पटींनी पैसे मोजतात. आपल्या उन्हाने केलेले नुकसान हेच भूषण ठरले! २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हा येथील लिलावात ओमेगा कंपनीचे एक ‘स्पीडमास्टर’ घड्याळ निघाले. पहिल्या, म्हणजे १९५७ सालच्या घडणीचे, आणि तबकडी अशीच तपकिरी झालेली. अंदाज होता लाखभर स्विस फ्रँकांचा. बोली गेली एकतीस लाखांच्या वर. घेणार कोण, तर खुद्द ओमेगाचे संग्रहालय. पुढे २०२३ साली कंपनीनेच जाहीर केले, की हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभे केलेले होते आणि त्या प्रकरणात आपलेच काही माजी नोकर गुंतलेले होते. ज्यांनी मूळ घड्याळ घडविले त्यांच्याच दारात ते खपले, मग तुम्हा-आम्हा सामान्यांची काय कथा.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटणार नाही. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने दख्खनच्या व दक्षिण मराठा मुलखातल्या वतनदारांकडे त्यांच्या इनामांचे पुरावे मागितले, तेव्हा घरातल्या जुन्या कागदाला एकाएकी जमिनीइतके मोल आले. आणि जेथे जुन्या कागदाला मोल येते तेथे नवा कागद जुना होऊ लागतो. तो धुरावर धरता येतो, मळविता येतो, घडीवर फाडता येतो. म्हणून संशोधक कागदाच्या रंगावर विसंबत नाही. तो सुहूर सन आणि वार यांचा जंत्रीशी मेळ घालतो, शिक्का त्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीतला आहे का ते पाहतो, मोडी अक्षराचे वळण तपासतो. घड्याळाचेही तसेच. तबकडी काय सांगते हे ऐकून घ्यावे, पण साक्ष काढावी ती झाकणाखालच्या यंत्राची, क्रमांकांची, आणि हे भाग एकमेकांना ओळखतात की नाही याची.

मग आपले नवे घड्याळ जुने करून घेणारा तो तरुण लबाड म्हणावयाचा काय? मला तसे म्हणवत नाही. घड्याळ त्याचे, पैसे त्याचे, आणि ते जुने नाही हे त्याला पुरते ठाऊक आहे. स्वतःच्या घराच्या भिंतीला कोणी गेरूचा हात दिला म्हणून ती वाड्याची भिंत ठरत नाही आणि कोणी फसतही नाही. खोटेपणा त्या रंगात नसून घड्याळाचा हात बदलण्यात आहे. अडचण इतकीच, की चावीचे घड्याळ हे धन्यापेक्षा अधिक जगते. तो तरुण उद्या ते मित्राला देईल, मित्राचा मुलगा ते विकील, आणि तिसऱ्या हातात जाताना कॉफीच्या पाण्याची हकीकत कोणी सांगणार नाही. चाळीस वर्षांनी त्या तबकडीवर खरे चाळीस वर्षांचे आणि खोटे चाळीस वर्षांचे असे दोन थर बसलेले असतील, आणि ते वेगळे कोण करणार?

यावर तोडगा घड्याळजींच्याच परंपरेत आहे. आपले जुने एच.एम.टी. वा वेस्ट एंड उघडून मागच्या झाकणाची आतली बाजू भिंगाखाली पाहा. तेथे पुष्कळदा सुईने ओढलेल्या बारीक खुणा दिसतील. एखादे आद्याक्षर, एखादा आकडा, एखादी तारीख. दुरुस्ती करणारा प्रत्येक कारागीर आपण हे घड्याळ केव्हा उघडले याची नोंद तेथे करून ठेवीत असे, पुढच्या कारागिरासाठी. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नसे. नव्या तबकडीला चहाचा रंग देणाऱ्यानेही झाकण लावण्यापूर्वी तीच सुई उचलावी आणि त्या दिवसाची तारीख व ‘रंग दिला’ एवढे दोन शब्द आत ओढून ठेवावेत. बाहेरून घड्याळ हवे तितके म्हातारे दिसो.